तुमच्या त्या तीन ओळी खोट्या आहेत

कॉन्फिगर, मेक, सुडो मेक इन्स्टॉल. एका टूलच्या रीडमीमध्ये, म्हणजे सोबतच्या सूचनांच्या फाइलीत, एवढंच लिहिलंय. खाली अजून एक ओळ आहे, 'बिल्ड करणं (सोर्स कोडवरून प्रोग्राम तयार करणं) अगदी सोपं आहे.' काल शनिवारी त्या तीन ओळींपायी माझ्या बॅचची वीस पोरं सकाळी नऊपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत लॅबमध्ये अडकून पडली आणि प्रॅक्टिकल झालंच नाही. माझं डोकं अजून तापलेलं आहे. ते थंड व्हायच्या आत लिहायला बसलेय, कारण थंड झालं की आपण सगळेच म्हणतो, जाऊ दे, असंच असतं. असंच नसतं! कुणीतरी चार ओळी लिहायचा कंटाळा केला म्हणून हे होतं.

मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. लॅबमधली मशीनं जुनी आहेत, ४ जीबी रॅमची, उबंटू २०.०४ या लिनक्सच्या जुन्या आवृत्तीवर चालणारी. ती बदलणं माझ्या हातात नाही. मुलांना एपीआय (एका प्रोग्रामनं दुसऱ्याशी बोलायची सोय) तपासायला एक कमांड-लाइन टूल हवं होतं, ते हेच. टूल चांगलं आहे, हे आजही म्हणेन, म्हणून तर इतका जीव जळतो. उबंटूच्या रिपॉझिटरीत (पॅकेजांच्या साठ्यात) जी आवृत्ती मिळते ती इतकी जुनी की आम्हाला लागणारा पर्यायच तिच्यात नाही. तयार बायनरी, म्हणजे आधीच कंपाइल केलेला प्रोग्राम, उतरवली तर ती पहिल्या सेकंदाला मेली, 'जीलिबसी २.३४ नॉट फाउंड'. जीलिबसी म्हणजे प्रोग्रामना लागणारी मूळ सी लायब्ररी, उबंटू २०.०४ मध्ये तिची २.३१ आवृत्ती असते. २.३४ आलं ऑगस्ट २०२१ मध्ये. म्हणजे ज्यानं बायनरी बनवली त्यानं ती नव्या मशीनवर बनवली आणि जुन्या मशीनवर एकदाही चालवून न बघता ठेवून दिली. बरं, राहू दे. सोर्स आहे ना, आपण स्वतः कंपाइल करून घेऊ. सोर्स खुला ठेवायचा तो त्यासाठीच.

पहिली ओळ टाकली. 'कॉन्फिगर: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी.'

फाइलच नाही. रीडमी म्हणतं कॉन्फिगर चालवा आणि गिट क्लोन करून (कोडची नक्कल उतरवून) मिळालेल्या फोल्डरमध्ये कॉन्फिगर नावाची फाइलच नाही! मुरलेल्या माणसाला कारण माहीत असतं. ती स्क्रिप्ट ऑटोकॉन्फ नावाचं टूल तयार करतं, रिलीजच्या टारबॉलमध्ये (एकत्र बांधलेल्या फाइलीत) ती आधीच तयार करून घातलेली असते, गिटमध्ये मात्र ठेवत नाहीत. क्लोन केलं असेल तर आधी ऑटोजेन ही स्क्रिप्ट चालवायची, आणि तिला ऑटोकॉन्फ, ऑटोमेक आणि लिबटूल तिन्ही लागतात. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आणि क्लोन करा असं त्याच रीडमीच्या वरच्या परिच्छेदात त्यांनीच लिहिलंय.

तिन्ही टाकली, ऑटोजेन चालवलं, कॉन्फिगर तयार झालं. चालवलं. आता हा एरर नीट वाचा, कारण दिवसातला सगळ्यात मोठा तुकडा यानं खाल्ला. 'लाइन ५२१३: सिंटॅक्स एरर निअर अनएक्स्पेक्टेड टोकन लिबकर्ल'. सिंटॅक्स एरर! पोरांनी काय समजायचं? स्क्रिप्टमध्येच चूक आहे, हेच ना? एका मुलीनं फाइल उघडली, ५२१३ नंबरच्या ओळीवर गेली आणि तो कंस, तो स्वल्पविराम पंधरा मिनिटं निरखत बसली. शिकवल्याप्रमाणे वागत होती बिचारी. एरर जिथं सांगतो तिथं बघायचं, हे मीच शिकवलंय.

आणि खरं कारण काय? मशीनवर पीकेजी-कॉन्फिग, म्हणजे लायब्ऱ्या कुठे आहेत ते सांगणारं टूल, नव्हतं. एवढंच. त्या पॅकेजसोबत एक मॅक्रोची (छोट्या नावाआड दडलेल्या मोठ्या कोडची) फाइल येते. ती नसेल तर ऑटोकॉन्फ तो मॅक्रो उलगडत नाही, जसाच्या तसा शेल स्क्रिप्टमध्ये चिकटवून देतं आणि मग शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) त्यावर ठेच खातं. 'पीकेजी-कॉन्फिग सापडलं नाही' हे एवढे शब्द कुठेही येत नाहीत. त्याहून भयंकर म्हणजे, पीकेजी-कॉन्फिग टाकल्यावर पुन्हा कॉन्फिगर चालवलं तरी तोच एरर, त्याच ओळीवर. कारण स्क्रिप्ट आधीच बिघडलेली तयार झालीय, ती ऑटोजेननं नव्यानं बनवावी लागते. औषध बरोबर दिलं तरी रोगी तसाच पडून राहतो. मग माणूस बरोबर दिलेलं औषध काढून भलतंच काहीतरी द्यायला लागतो. मीही तेच केलं. सव्वा तास गेला त्यात.

पुढे तर नुसता छळ. 'लिबकर्ल नॉट फाउंड.' लिबकर्ल म्हणजे कर्ल या कमांडची लायब्ररी. अरे, कर्ल तर चालतंय, पोरं समोर चालवून दाखवतायत! उबंटूवर चालणारी लायब्ररी वेगळ्या पॅकेजात आणि कंपाइल करताना लागणाऱ्या हेडर फाइली वेगळ्या, शेवटी 'डेव्ह' जोडलेल्या पॅकेजात. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर त्याच शेपटीला 'डेव्हेल' म्हणतात. बरं, उबंटू २०.०४ वर लिबकर्लची डेव्ह पॅकेजं तीन आहेत, एकेका एन्क्रिप्शन लायब्ररीचं एकेक, ओपनएसएसएलवालं, जीएनयूटीएलएसवालं आणि एनएसएसवालं. या टूलला कुठलं चालतं? लिहिलेलं नाही. आणि ही स्क्रिप्ट काय काय नाहीये ते एकदम सांगत नाही. पहिलं नसलेलं सापडलं की तिथेच थांबते. ते टाका, पुन्हा चालवा, ती पुन्हा पहिल्यापासून जीसीसी हा कंपायलर आहे का, जीसीसी काम करतं का, इथपासून विचारत येते आणि पुढच्या अडथळ्यावर थांबते. आमच्या मशीनवर एका फेरीला जवळजवळ दीड मिनिट. सात फेऱ्या झाल्या. सरकारी कचेरीत एक कागद नेला की दुसरा सांगतात, तो आणला की तिसरा, अगदी तसं. पहिल्याच खेपेला सगळी यादी देता येत नाही का?

दुसरी ओळ, मेक. रीडमीत मेकपुढे 'हायफन जे' लिहिलंय आणि त्यापुढे आकडा नाही. आकडा नसला की मेक एकाच वेळी जमतील तेवढी सगळी कामं सुरू करतं, काही मर्यादाच ठेवत नाही. सी प्लस प्लसचा कोड, ४ जीबी रॅम. मशीनं गोठली. माउस हलेना. दहा मिनिटांनी 'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१प्लस'. कुणी मारलं, का मारलं, काही नाही. मेमरी संपली म्हणून कर्नलनं (सिस्टिमच्या गाभ्यानं) मारलं, हे डीमेसेजमध्ये, त्याच्या नोंदींत, जाऊन शोधावं लागतं. तीन मुलांनी मशीन थेट बटणानं बंद केलं, आणि मी त्यांना ओरडले. माझं चुकलं ते. ओरडा दुसऱ्याच कुणाला तरी बसायला हवा होता.

एका मुलाकडे स्वतःचा नवा लॅपटॉप आहे, उबंटू २४.०४ वाला. मला वाटलं, निदान याचं तरी होईल. त्याला निराळाच एरर, 'यूइंट३२_टी डज नॉट नेम अ टाइप'. याचं कारणही सांगते. २४.०४ वर जीसीसी १३ येतं, आणि जीसीसी १३ पासून काही हेडर फाइली आतून सी-स्टडइंट हा हेडर (यूइंट३२_टी त्यातच असतं) ओढून आणत नाहीत. ज्यानं तो हेडर स्वतः लिहिला नव्हता, आतापर्यंत फुकट मिळत होता म्हणून ज्याचं निभत होतं, त्याचा कोड तिथे कोसळतो. म्हणजे बघा. २०.०४ वर बायनरी चालत नाही कारण मशीन जुनं. २४.०४ वर सोर्स कंपाइल होत नाही कारण मशीन नवं. मधलं २२.०४ मात्र दोन्हीला जुळतं. या माणसाच्या टेबलावर काय आहे ते मी इथे बसून सांगू शकते! त्याच्या एका मशीनवर चाललं, आणि त्यानं साऱ्या जगाला लिहून टाकलं, सोपं आहे.

आणि आता ज्या गोष्टीनं मी खरी पेटले ती. शेवटच्या रांगेत एक मुलगा बसतो, खेड्यातून एसटीनं येतो, घरी कॉम्प्युटर नाही. त्याचं पहिल्यापासूनच अडलं होतं. सगळी पॅकेजं बरोबर, ऑटोजेन बरोबर, तरी कॉन्फिगर म्हणतंय, 'अनसेफ ॲब्सोल्यूट वर्किंग डिरेक्टरी नेम'. अनसेफ! घाबरलाच तो. त्याला वाटलं आपल्यामुळे मशीनमध्ये व्हायरस आला. तासभर मला सांगितलंच नाही, गप्प बसून राहिला. मी गेले तेव्हा म्हणाला, "मॅडम, माझंच कायतरी चुकलं आसंल."

त्याचं काय चुकलं होतं? त्यानं फोल्डरला 'एपीआय & प्रॅक्टिकल' असं नाव दिलं होतं. दोन शब्द, मध्ये 'आणि'चं एक & चिन्ह. बस्स. शेल त्या चिन्हाचा वेगळाच अर्थ लावतं, म्हणून फोल्डरच्या वाटेत कुठेही ते असलेलं ऑटोमेकला चालत नाही, आणि ते सांगायची त्याची पद्धत ही. 'फोल्डरच्या नावातलं & काढा' असं म्हणायचं सोडून पोराला 'असुरक्षित' म्हणून दम दिला. मेकच्या खोडीही अशाच. ते १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं. त्यात कमांडची ओळ टॅबनंच सुरू करायची सक्ती आहे, तीही तेव्हापासूनची. ती त्यांनी लगेच बदलली नाही, कारण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते आणि त्यांचं बिघडायला नको होतं. ही गोष्ट लोक कौतुकानं सांगतात. मला कौतुक वाटत नाही. त्या डझनभरांची सोय बघितली आणि त्यापायी पन्नास वर्षं लाखो माणसं ठेचकाळतायत, आणि प्रत्येक जण म्हणतोय माझंच काहीतरी चुकलं असेल.

तिसऱ्या ओळीपर्यंत नऊ मशीनं पोचली. सुडो मेक इन्स्टॉल. झालं! पोरांनी टाळ्या वाजवल्या. कमांड टाकली, 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज'. इन्स्टॉलनं लायब्ररी यूएसआर-लोकल-लिबमध्ये ठेवली, पण ती तिथे आलीय हे सिस्टिमला कळवायला एलडीकॉन्फिग चालवावं लागतं. तेही लिहिलेलं नाही. तोवर साडेपाच वाजले. एसटीवाल्या पोरांची गाडी पावणेसहाची.

आता लोक म्हणतील, बाई, फुकट मिळतंय, ज्यानं केलं त्यानं आपला वेळ घालून केलं, तक्रार कसली करता? मला मान्य आहे. माझ्याकडूनही लागेल ती मदत घ्या. मी नवीन फीचर मागत नाही, जुन्या उबंटूला कायम सांभाळत बसा असंही म्हणत नाही. '२०.०४ वर चालणार नाही' असं लिहिलं असतं तरी मी हात जोडले असते, शुक्रवारी रात्रीच दुसरं काहीतरी शोधलं असतं. माझं भांडण त्या 'अगदी सोपं आहे'शी आहे. कोरं उबंटू डॉकरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या वेगळ्या कप्प्यात, उघडायचं, आपल्याच रीडमीच्या ओळी जशाच्या तशा टाकायच्या, जिथे अडेल तिथलं पॅकेज लिहून काढायचं. अर्ध्या तासाचं काम. तो अर्धा तास त्यानं वाचवला आणि माझ्या वीस पोरांचा अख्खा दिवस गेला. माझ्यासारख्या आणखी किती लॅबा असतील?

आणि कुणी मला 'कॉन्फिगर स्क्रिप्ट वाचा, सगळं त्यात आहे' असं सांगू नका. हजारो ओळींची ती यंत्रानं लिहिलेली स्क्रिप्ट कोणी वाचत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या टूलचं काय झालं ते आठवा. ५.६.० आणि ५.६.१ च्या टारबॉलमध्ये बिल्डच्या एका मॅक्रो फाइलमधून मागचं दार घुसवलेलं होतं, आणि ती फाइल तशी गिटमध्ये नव्हतीच. भल्याभल्यांच्या हातून ते निसटलं. सापडलं ते प्रोग्रामर आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच (दूरच्या मशीनवरच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि त्यांनी पिच्छा पुरवला म्हणून. हे सगळं इतकं गुंतागुंतीचं करून ठेवलंय की चोर त्यातच लपतो. आणि आम्ही पोरांना सांगतो, सुडो लाव (म्हणजे मशीनचे सगळे अधिकार दे), पासवर्ड टाक, पुढे चल.

लागणाऱ्या सगळ्या पॅकेजांची एकच ॲप्ट-गेटची (पॅकेजं टाकायच्या कमांडची) ओळ मी लॅबच्या फळ्यावर लिहून ठेवलीय. खाली 'मेकला जे २ द्या, फोल्डरच्या नावात & नको, शेवटी एलडीकॉन्फिग'. हीच ओळ टूल करणाऱ्यांकडेही पाठवलीय, रीडमीत घालायला तयार करून. शेवटच्या रांगेतल्या त्या मुलाला फोन करून सांगितलं की तुझं काही चुकलं नव्हतं. तो "हो मॅडम" म्हणाला, पण त्याला ते पटलं असं मला आवाजावरून वाटलं नाही. बुधवारी दुसरी बॅच आहे. त्याआधी नऊ मशीनवर जाऊन यूएसआर-लोकलमध्ये कुठे कुठे काय पडलंय ते एकेक फाइल हातानं शोधून काढायचंय, कारण यांच्या मेकफाइलमधलं अनइन्स्टॉल बायनरी तेवढी उडवतं आणि लायब्ररी तशीच ठेवतं.