अहवालाचे कुंपण कोठे घालावे?

खाद्यपदार्थ बनवणाऱ्या एखाद्या कंपनीत 'शाश्वतता आणि सामाजिक उत्तरदायित्व' या विभागाच्या प्रमुखपदी आपली नुकतीच नेमणूक झाली असेल, तर प्रथम अभिनंदन, आणि लगोलग एक धीराचा शब्द: आपल्याला पृथ्वी वाचवायची नाही, कंपनी पर्यावरणाशी आणि माणसांशी कशी वागते याचा अहवाल लिहायचा आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना सेबी या शेअर बाजाराच्या नियामकाने २०२२-२३ पासून तो सक्तीचा केला असल्यामुळे लिहावा की न लिहावा हा प्रश्न उरलेला नाही. ठरवायचे ते एवढेच की अहवालाचे कुंपण कोठे घालायचे. ते जागेवर बसले की खोटे बोलण्याची वेळच येत नाही.

साखरेचेच घ्या. आपल्या बिस्किटात आणि सरबतात ती असणारच. ती आपल्याला मिळते व्यापाऱ्याकडून, त्याला कारखान्याकडून, कारखान्याला ऊस पोहोचवतो तोडणी-वाहतुकीचा ठेकेदार, ठेकेदाराला माणसे देतो मुकादम, आणि मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून निघतात ती ऊसतोड मजुरांची जोडपी. यातल्या प्रत्येक पायरीवर कुंपण घालता येते. आपण ते पहिल्याच पायरीवर घालावे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, म्हणजे त्या बाईचे नाव सहसा कोणत्याच कागदावर येत नाही. आणि जिचे नाव कागदावर नाही, तिची तक्रार तरी कोठून येणार? वेतन, भेदभाव, सक्तीची मजुरी यांविषयीच्या तक्रारींचा तक्ता आपल्या स्वतःच्या नोकर-कामगारांपुरता असतो, त्यामुळे त्यात शून्य लिहिताना हात थरथरण्याचे कारण नाही. पुरवठादारांकडे काय चालते याचे मूल्यांकन 'नेतृत्व निर्देशक' या सदरात ऐच्छिक ठेवलेले आहे, आणि नेतृत्वाची इतकी घाई कशाला?

कोणी फारच खोलात शिरला, तर तो २०१९ मधल्या नीलम गोऱ्हे समितीचा दाखला देईल. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली होती, आणि पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर पैसे कापले जातात ही भीती त्यामागच्या कारणांत होती. अशा आकड्याशी वाद घालू नये. हा आरोग्याचा विषय आहे, असे म्हणून तो सीएसआरकडे, म्हणजे कंपनीने सामाजिक कामांसाठी काढून ठेवायच्या पैशांकडे, वळवावा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चायचेच आहेत. त्यातून ऊसतोड टोळीच्या कोप्यांजवळ, म्हणजे झोपड्यांजवळ, हिमोग्लोबिन तपासणीचे शिबिर भरवावे. साखरेला चढा भाव देऊन तोडणीचा दर वाढवणे मात्र या २ टक्क्यांत बसत नाही, कारण तो धंद्याचा नेहमीचा खर्च ठरतो. कायदा आपल्याशी किती समजूतदारपणे वागतो, हे अशा वेळी कळते.

शिबिराच्या वेळी छायाचित्रकाराजवळ आपण जातीने उभे राहावे. उसाच्या पात्याने हात चिरू नयेत म्हणून तोडणीवाल्या बायका साडीवरून लांब बाह्यांचा जुना पुरुषी शर्ट चढवतात. तो उतरवायला सांगावा, कारण त्याने मुखपृष्ठाला उठाव येत नाही. हातात कोयत्याऐवजी रोप द्यावे. उसाचे नको, ते लोक ओळखतात.

उत्सर्जनाचे काम त्यामानाने सोपे आहे. सेबीचा तक्ता एकूण उत्सर्जन विचारतो, तसेच उलाढालीच्या दर रुपयामागे किती, हेही विचारतो. पहिला आकडा तक्त्यातच राहू द्यावा, दुसरा रंगीत पानावर घ्यावा. पाच रुपयांचा पुडा किमतीला हात न लावता थोडा हलका केला, की विकलेल्या पुड्यांचे पैसे तेवढेच येतात, मैदा, साखर आणि इंधन कमी लागते आणि दर रुपयामागचा आकडा खाली येतो. पोराच्या तोंडचे एक बिस्किट काढून घेणे ही हवामानविषयक उपाययोजना ठरू शकते, हे ज्याच्या प्रथम लक्षात आले असेल त्याला बढती मिळाली असणार. पुड्याच्या वेष्टनाची चिंता तर करूच नये. जितक्या वजनाचे प्लास्टिक आपण बाजारात सोडले, तितक्या वजनाच्या प्लास्टिकवर दुसऱ्या कोणी प्रक्रिया केल्याची प्रमाणपत्रे विकत घेता येतात. मग गावच्या ओढ्यात तरंगणारे वेष्टन आपले असले तरी हिशेबात ते गोळा झालेले असते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'हरित', 'पर्यावरणस्नेही' असले शब्द पुराव्याविना वापरू नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हा आपल्या क्षेत्रातल्या काहींचा धीर सुटला असेल. विशेषणे गेली तरी क्रियापदे शाबूत आहेत: आम्ही कटिबद्ध आहोत, प्रयत्नशील आहोत, वाटचाल करीत आहोत. भविष्यातल्या उद्दिष्टांना कृती-आराखडा हवा, असेही त्यात म्हटले आहे. त्यासाठी समिती नेमावी आणि उद्दिष्टाचे साल २०५० ठेवावे, म्हणजे तोवर आपण निवृत्त झालेले असू.

राहता राहिली वार्षिक सर्वसाधारण सभा. तेथे दहा-वीस शेअर बाळगणारा एखादा निवृत्त मास्तर उठून, आपली साखर नेमकी कोणत्या फडातून येते, असे विचारण्याची शक्यता असते. त्याचे मनापासून आभार मानावेत, प्रश्न फार महत्त्वाचा असल्याचे दोनदा म्हणावे, उत्तर लेखी पाठवू असे सांगून पुढच्या ठरावाकडे वळावे. तो लाभांशाचा असेल, अशी व्यवस्था विषयपत्रिका छापतानाच करून ठेवावी.