हनुक्का म्हणे ज्यूंची दिवाळी!

डिसेंबर लागला की तो मेसेज फिरायला लागतो. ‘हनुक्का : ज्यू धर्मातला सर्वांत मोठा सण! आठ दिवस कामधंदा बंद. जणू त्यांची दिवाळीच. त्यांचं कॅलेंडर चंद्रावर चालतं, म्हणून तारीख दर वर्षी मागेमागे जाते.’ खाली पेटलेल्या दीपदानाचं चित्र. पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, पण मजकूर जवळजवळ सगळा चुकलाय.

‘सर्वांत मोठा सण’ यापासूनच सुरू करू. हनुक्काचा उल्लेख तोरात, म्हणजे ज्यूंच्या त्याहून जुन्या मूळ धर्मग्रंथात नाही, आणि असणार तरी कसा? त्यामागची घटना इ.स.पू. १६४ ची. सेल्युकिड या ग्रीक घराण्याचा राजा चौथा अँटिओकस याने जेरुसलेमचं मंदिर भ्रष्ट केलं होतं. मक्काबी या ज्यू बंडखोरांनी ते सोडवून पुन्हा शुद्ध केलं. एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं, ही कथा तर आणखी कित्येक शतकांनी तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात सापडते. तोरात सांगितलेले दिवस वेगळे : रोश हशाना, योम किपूर, सुक्कोत, पेसाह, शावुओत. आणि दर आठवड्याला येतो म्हणून ज्याला कुणी सण म्हणतच नाही, तो शब्बाथ, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत.

याचा पुरावा बघायला जेरुसलेमपर्यंत जायला नको. अलिबाग-पेणच्या बाजूला जा. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले ज्यू, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी ते बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनवार तेली. हिब्रू जवळपास विसरली होती, पण शनिवार पाळला जात होता. सणांना नावंही आपलीच : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. त्यांच्या जुन्या सणांत हनुक्का नाही. तो पुढे बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर शिकला गेला. त्यांचे पूर्वज हनुक्का सुरू होण्याआधीच निघाले होते की तो वाटेत सुटला, यावर वाद घालता येईल. पण त्याच्यावाचून ज्यूपण अडलं नाही, एवढं नक्की.

दारफाळणी म्हणजे योम किपूर. सुमारे पंचवीस तासांचा उपास, पाण्याचा घोटही नाही, पायात चामड्याची वहाण नाही. कोकणात त्या दिवशी दारं लावून लोक घरातच राहायचे. नावच त्यावरून पडलं. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’, दानधर्म आणि भेटीगाठींचा. मोठा दिवस हा. पण बंद दाराचा फोटो कोण फॉरवर्ड करणार? हनुक्का नाताळाच्या आसपास येतो, अमेरिकेत त्याला भेटवस्तूंची जोड मिळाली, आणि तो जगाच्या डोळ्यांत भरला.

‘कामधंदा बंद’ हे तर साफ चूक. हनुक्कात दुकानं उघडी, कचेऱ्या चालू. पुष्कळ घरांतल्या बायका दिवे जळत असतात तेवढा वेळ हातातलं काम बाजूला ठेवतात, तेवढीच काय ती सुट्टी.

दिवाळीची तुलना मात्र मला पूर्ण खोडवत नाही. हनुक्का किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला सुरू होतो, म्हणजे वद्य पक्षाच्या शेवटाकडे, आणि अमावास्या ओलांडून पुढे जातो. दिवाळीही तशीच. शिवाय दोन्हीकडे तळण! पण आपण पणती उजेडासाठी लावतो. हनुक्काच्या दिव्यांचा उजेड वापरायचाच नाही, त्यात वाचायचंही नाही, नुसतं बघायचं. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असं आठपर्यंत.

राहिली तारीख. कॅलेंडर निव्वळ चांद्र असतं तर हनुक्का फिरत फिरत कधीतरी मे महिन्यात आला असता. तसं होत नाही, कारण १९ वर्षांत ७ वेळा अदार महिना दोनदा धरतात. अधिक मास ज्यांच्या घरात पाळला जातो त्यांना हे समजावून सांगायला नकोच. दोन्ही पंचांगं इतकी सख्खी की २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी योम किपूर नेमका दसऱ्याला आला. पुरीम हा ज्यूंचा सण पुष्कळदा होळीच्या सुमारास येतो; बेने इस्रायलांनी त्याला होळीचा सण म्हटलं ते उगाच नाही.

आता ते चित्र. त्यातल्या दीपदानाला सात फांद्या आहेत. तो मंदिरातला मेनोरा. हनुक्काच्या दीपदानाला नऊ लागतात : आठ रात्रींचे आठ, आणि बाकीचे पेटवायला एक शमाश, म्हणजे सेवक. उजेड वापरायचाच झाला तर तो त्याचा.