‘शोभेच्या पट्टीसाठी एवढा खटाटोप कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुन्या गाडीच्या छतावरची पट्टी बदलण्याबद्दल मी लिहिलं, त्यावरची तुमची खरमरीत प्रतिक्रिया वाचली. इतरांसाठी ती थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं, की छताच्या दोन्ही कडांना असणारी काळी रबरी पट्टी नुसती शोभेची. तिने काही पाणी अडत नाही. ती आखडली किंवा उचलली गेली तर सिलिकॉनची ट्यूब आणायची, खाचेत भरायची, पट्टी दाबायची, वरून चिकटपट्टी मारून रात्रभर ठेवायची, काम खलास. तुम्ही गेल्या वर्षी स्वतःच्या गाडीला तेच केलंय आणि अजून आत थेंब नाही. त्यातून सोलापूर म्हणजे काही कोकण नव्हे, इथे गंज लागतोय कशाला? आणि पंधरा वर्षांच्या गाडीला सीलर (जोड बुजवणारा लेप), प्रायमर (रंगाखालचा पहिला हात), रंग असला खर्च सांगून मी लोकांना उगाच घाबरवतोय.

पट्टीने पाणी अडत नाही, हे तुमचं वाक्य सोळा आणे खरं आहे. सिलिकॉन भरू नका असं मी म्हणतो, ते नेमकं त्याच कारणासाठी.

अ‍ॅम्बॅसेडर किंवा पद्मिनी आठवा. दारांच्या वर पत्र्याची बारीक पन्हाळ बाहेर आलेली असायची. छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा तिथे जोडलेले असत आणि तो जोड उघडा दिसायचा. पुढे गाड्या गुळगुळीत झाल्या, तेव्हा हा जोड वर सरकवून छतातल्या खाचेत लपवला गेला. स्पॉट वेल्डिंगला, म्हणजे ठिपक्याठिपक्याने पत्रे जोडायला, पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी इलेक्ट्रोड टेकवावे लागतात, म्हणून दोन्ही पत्र्यांच्या कडा एकावर एक येतील अशी खोलगट जागा ठेवावीच लागते. त्या खाचेत तळाला वेल्डचे ठिपके, त्यावर सीलरचा थर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पट्टी. अलीकडच्या काही गाड्यांत हा जोड लेझर ब्रेझिंगने, म्हणजे लेझरने दुसरा धातू वितळवून सांधून, करतात. खाच उरत नाही, म्हणून पट्टीही दिसत नाही.

म्हणजे पाणी अडवतो तो सीलर. पट्टी म्हणजे भिंतीतली भेग झाकायला टांगलेलं कॅलेंडर. पट्टीच्या कडेने थोडं पाणी खाली जाणारच. ते खाचेतून पुढेमागे वाहत काचेच्या कडेने उतरतं आणि खाच वाळते. सीलर शाबूत असेल तर यात बिघडत काहीच नाही.

आता तुम्ही खाच सिलिकॉनने भरली. पाण्याची जायची वाट बुजली, पण यायची वाट कायमची बंद झाली असं नाही. कुठेतरी केसाएवढी फट पडते, तिथून पाणी आत ओढलं जातं आणि बाहेर मात्र पडत नाही. वर ऊन तापतं, खाली ओल तशीच. आणखी एक गोष्ट. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी स्वस्त ट्यूब उघडली की व्हिनेगरसारखा वास येतो ना? ते अ‍ॅसिटिक आम्ल. सिलिकॉन वाळताना ते बाहेर पडतं. काचेला, टाइल्सला त्याचं काही वाटत नाही. रंग उडालेल्या लोखंडाला वाटतं. ज्या गाडीची पट्टी उचलली गेली आहे, तिच्या खाचेत कुठेतरी रंग उडालेला असण्याचीच शक्यता जास्त.

हे मी ऐकीव सांगत नाही. होटगी रोडच्या बाजूला एका डेंटरकडे अशी एक हॅचबॅक उघडताना मी शेजारी उभा होतो. वरून पट्टी एकदम चापूनचोपून बसलेली, तुमच्या गाडीसारखीच. डेंटरमामांनी काचेकडच्या टोकाला प्लॅस्टिकची पट्टी घालून सिलिकॉन हळूच ओढायला सुरुवात केली. पारदर्शक लांबलचक दोरी निघत आली. तिच्या मागच्या बाजूला रंगाचे पोपडे चिकटलेले आणि त्या पोपड्यांच्या मागे तपकिरी भुगा. मधोमध एका ठिकाणी बोट दाबलं तर ओलं लागलं, आणि पाऊस होऊन बरेच दिवस झाले होते. सीलरला आडव्या बारीक चिरा होत्या, त्यातल्या एकीतून सुईचं टोक सरळ आत गेलं. मामा म्हणाले, “काय ओ सर, पट्टी बदलायला आलाव, छताला ठिगळ मारायची पाळी आली की.” मालकालाही तोवर आत थेंब दिसला नव्हता. दिसणार कसा? छताच्या जोडातून शिरलेलं पाणी सरळ डोक्यावर पडत नाही. ते छताच्या कापडामागून पुढच्या खांबात उतरतं आणि पायातल्या मॅटखाली जाऊन बसतं. मग आपण काचेच्या बीडिंगला, म्हणजे काचेभोवतीच्या रबराला, दोष देत बसतो. तुमच्या गाडीची पुढची मॅट उचलून खालच्या फोमवर एकदा हात दाबून बघा. तो कोरडा असेल तर मला आनंदच आहे.

दुसरा प्रश्न चिकटण्याचा. पट्टी का आखडते, हे कळलं की चिकटवण्याचा हट्ट आपोआप कमी होतो. बऱ्याच पट्ट्या पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेलं असतं. वर्षानुवर्षं ऊन खाऊन ते निघून जातं, पट्टी कडक होते आणि लांबीला कमी भरते. म्हणून काचेजवळ बोटभर खाच उघडी पडते. तेवढ्या भागात सीलरवर थेट ऊन येतं आणि पहिली चीर बहुधा तिथेच पडते. शिवाय रोजची आकुंचन-प्रसरणाची ओढाताण आहेच. दीड मीटरची पट्टी धरा. जानेवारीतल्या पहाटेचा पत्रा आणि मे महिन्यातल्या दुपारचा पत्रा यांत आपल्याकडे ५० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकाने दीड मीटर पोलाद जेमतेम १ मिमी वाढतं, तर पीव्हीसी ४-५ मिमी. फेविक्विकसारखी काचेगत कडक होणारी गोष्ट या ओढाताणीत टिकणार नाही. ती तडकते आणि जाताना शेजारच्या रंगावर पांढरट डाग ठेवून जाते. म्हणूनच मूळ पट्टी चिकटवलेली नसून क्लिपांवर किंवा खाचेत अडकून बसलेली असते. आत धातूची तार किंवा पातळ पत्रा असेल तर ती आणखी नीट टिकते. काही गाड्यांत फोमची दुहेरी चिकटपट्टी असते, पण तीही ताण सोसणारी, लवचीक.

सोलापुरात गंज कुठला, यावर मात्र थोडं भांडणारच. आपल्याकडे पाऊस कमी, मान्य. पण पडतो तेव्हा कसा पडतो? ऑक्टोबर २०२० चा पाऊस विसरलात का? भीमेला पूर आला होता, पंढरपुरात पाणी शिरलं होतं. परतीचा पाऊस आपल्याकडे असाच एका दमात कोसळतो. उरलेल्या वर्षभर धूळ. ती पट्टीखालच्या खाचेत साचते, वर कडुनिंबाचा पाला पडतो, आणि आपण सकाळी बोअरच्या पाण्याने गाडी धुतली की त्याचा मस्त चिखल होतो. पावसाचं पाणी तासाभरात वाळेल. हा चिखल दिवसभर ओल धरून ठेवतो. आणि हेही विचारा, की गाडी मूळची सोलापूरची आहे का? इथल्या सेकंडहँड बाजारात मुंबई पासिंगच्या गाड्या किती दिसतात! समुद्राची हवा खाऊन आलेल्या गाडीला गंज इथे लागत नाही, तो सोबत येतो.

‘एमएच १३’ची, म्हणजे आपल्या सोलापूरची, गाडी पंधरा वर्षांची झाली म्हणजे भंगार झाली, हे काही मला पटत नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी ती वाढवून मिळते. ठेवायची की विकायची, ते तुमचं तुम्ही ठरवा. ठेवायची असेल तर छत सांभाळा. इंजिन पुन्हा बांधता येतं, कुजलेलं छत बांधणारा माणूस शोधावा लागतो.

राहिला खर्च. इथे तुम्ही मला चुकीचं वाचलंय. कंपनीचीच पट्टी घ्या, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. जुन्या मॉडेलची मिळाली तर उत्तम, कारण टोकाच्या टोप्या आणि क्लिपा तिच्याबरोबर जुळतात. नाही मिळाली तर मीटरवर मिळणारी पट्टीही चालते, पण दुकानात जाताना जुन्या पट्टीचा तुकडा खिशात असू द्या आणि खाचेची रुंदी पुढे, मध्ये, मागे अशी तिन्हीकडे मोजा. बऱ्याच गाड्यांत ती सारखी नसते. पट्टी गुंडाळलेली येते. बसवण्याआधी उन्हात सरळ पसरून ठेवली की वळण सुटतं. बसवायची मात्र सकाळी किंवा सावलीत. आणि बसवताना ओढायची नाही. इथे सगळे फसतात. ओढली की ती अगदी नेटकी, ताठ बसते, मालक खूश होतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात ती परत आपल्या मूळ लांबीला जाऊन काचेजवळ उघडी पडते. उलट ती किंचित लांब कापायची आणि टोकाकडून मध्यभागी दाबत दाबत खाचेत कोंबायची.

खरे पैसे आणि खरा वेळ पट्टीखाली घालायचा. जुना सीलर जिथे घट्ट आहे तिथे त्याला हात लावू नका. जिथे चिरलाय, फुगलाय तिथेच काढा, तोही लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलंत तर नवी जखम कराल. गंज पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासायचा, खड्ड्यात राहिलेल्यावर रस्ट कन्व्हर्टर (गंज जिथल्या तिथे थोपवणारं रसायन), मग इपॉक्सी प्रायमर, मग ज्यावर रंग बसतो असा पॉलियुरेथेनचा सीलर, वर रंगाचा हात. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यायचा. वरवरचाच गंज असेल तर हे घरी जमण्यासारखं आहे. भोक पडलं असेल तर डेंटरच, आणि वेल्डिंगच्या आधी छताचं कापड उतरवायला आणि बॅटरी काढायला सांगा. खालचा फोम पेट घेतो.

आता तुमच्या गाडीचं काय? मॅटखाली कोरडं असेल तर लगेच धावपळ नको, पण मृगाच्या आधी काचेकडचं एक टोक उचलून बघा. सिलिकॉन काढायचं ठरलं तर ते पट्टीच्या दोन्ही कडांनी प्लॅस्टिकच्या पात्याने कापत सोडवा. पेट्रोल, थिनर ओतू नका; सिलिकॉन त्याने विरघळत नाही, गाडीचा रंग मात्र जातो. उरलेला चिवट थर सिलिकॉन रिमूव्हरने मऊ करून खरवडा. आणि रंगाऱ्याकडे गाडी गेली, तर त्याने हात लावण्याआधी इथे सिलिकॉन होतं हे त्याला स्पष्ट सांगा. बोटाला न जाणवणारा थर जरी राहिला तरी नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, मग तो तुम्हाला शिव्या घालतो आणि तुम्ही त्याला.