गोवराच्या लसीचा असर सहा महिन्यांत संपत नाही

‘गोवराच्या लसीचा असर सहा महिन्यांत उतरतो, त्यापेक्षा अंगावर गोवर निघालेला बरा,’ असा संदेश आपल्या वऱ्हाडातील गावांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे आणि लहान लेकरांसाठी धोक्याचाही आहे.

लस घेतल्यानंतर रक्तातील प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) काही महिन्यांनी कमी होतात, एवढे खरे. परंतु त्या विषाणूची ओळख ठेवणाऱ्या स्मृतिपेशी मागे उरतात आणि अस्थिमज्जेतील (हाडांच्या आतील मगजातील) काही पेशी वर्षानुवर्षे थोडी-थोडी प्रतिपिंडे तयार करीत राहतात. ही स्मृती किती टिकते, हे उत्तर अटलांटिक महासागरातील फॅरो बेटांवर दिसले: तेथे 1846 मध्ये गोवराची साथ आली, तेव्हा 1781 च्या साथीत गोवर होऊन गेलेल्या वृद्धांना तो पुन्हा झाला नाही, अशी नोंद डेन्मार्कचे डॉ. पानुम यांनी केली.

मग गोवर निघू द्यावा का? मुळीच नाही. त्यात न्यूमोनिया व मेंदूज्वराचा धोका असतोच, शिवाय हा विषाणू इतर रोगांविरुद्ध आधी कमावलेली स्मृतीही पुसतो. 2019 च्या एका अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांची 11 ते 73 टक्के प्रतिपिंडे गोवरानंतर नाहीशी झाल्याचे आढळले. लसीने असे होत नाही.

दुसरा डोस असर उतरतो म्हणून नसतो. नवव्या महिन्यात आईकडून आलेली प्रतिपिंडे काही बाळांच्या अंगात शिल्लक असल्याने पहिला डोस लागू पडत नाही. म्हणून लसीकरण कार्डावरील 16 ते 24 महिन्यांचा रकाना कोरा असेल, तर आशाताईंना आजच दाखवावे.