आयोनिक ५ चा रिकॉल आगीमुळे नव्हता

परवापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतोय, की आयोनिक ५ या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटऱ्या पेट घेतात म्हणून ह्युंदाईने सगळ्या गाड्या परत घेतल्या, पेट्रोलच्या गाडीत असलं काही नसतं, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी सर्व्हिस सेंटरला नेऊ नका, सॉफ्टवेअर टाकून गाडी स्लो करतात. शेवटचं वाक्य वाचून राग आला म्हणून लिहितोय.

आगीचं आधी. जून २०२४ मध्ये भारतात १,७४४ आयोनिक ५ रिकॉल झाल्या त्या आयसीसीयू म्हणजे चार्जिंग कंट्रोल युनिटमुळे. ईव्हीत मोठ्या बॅटरीसोबत एक साधी १२ व्होल्टची बॅटरी पण असते, दिवे, स्क्रीन, मोठी बॅटरी जोडणारे रिले सगळं तिच्या जिवावर, आणि तिला चार्ज करतं हे युनिट. ते बिघडलं की छोटी बॅटरी उतरत जाते, डॅशबोर्डवर वॉर्निंग येते, पॉवर कमी होत जाते आणि मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असली तरी गाडी बंद पडू शकते. रात्री खंडाळ्याच्या घाटात, मागे भरलेला ट्रक असताना हे झालं तर? धोका आहेच, पण तो हा आहे.

गाड्या "परत घेतल्या" हे पण चूक. गाडी तपासतात, लागलं तर युनिट बदलतात, तेही फुकट.

आणि पेट्रोलचं म्हणाल तर सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने सियाझ, अर्टिगा, ब्रेझा, एस-क्रॉस, एक्सएल६ मिळून १,८१,७५४ पेट्रोल गाड्या बोलावल्या होत्या, मोटर जनरेटर युनिट तपासायला. तोही बॅटरी चार्ज करणाराच पार्ट, आणि तोवर साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका असं कंपनीनेच सांगितलेलं.

राहिलं सॉफ्टवेअर. ते गाडी स्लो करायला नाही, आयसीसीयू बिघडू नये म्हणून टाकतात. हां, कंपनीला बोलायचंच असेल तर यावर बोला की अमेरिकेत मार्च २०२४ चा उपाय पुरला नाही, नोव्हेंबरमध्ये १,४५,२३५ गाड्यांचा दुसरा रिकॉल काढावा लागला, त्यात आधी दुरुस्त झालेल्याही होत्या. म्हणून तर उलट जायला पाहिजे ना!

तुमची आयोनिक ५ २१ जुलै २०२२ ते ३० एप्रिल २०२४ या काळात बनलेली असेल तर चासी नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला आजच फोन करा, आणि चालवताना वॉर्निंग आली तर घर जवळ आहे म्हणून रेटू नका, पॉवर आहे तोवर डावीकडे सुरक्षित जागी थांबवा.