सरपंच, खाऊ नका!

आमच्या घरी सरपंच आहेत. वय पाच महिने, जात देशी, रंग जरा दूध जास्त झालेल्या चहाचा. आणलं त्या दिवशी हॉलच्या मधोमध पोट पुढे काढून, आमच्याकडे एकेक करून असे काही पाहत बसले की नवरा म्हणाला, "बोला सरपंच, काय अडचण?" नाव तिथेच चिकटलं. आणि हुद्दा आला की अहो-जाहो ओघानेच येतं. सरपंच गोड आहेत, हुशार आहेत, मनात असलं तर हाक मारल्यावर येतातही. फक्त स्वतःची शी खातात.

पोहे खात असाल तर संपवून घ्या, मी थांबते.

हा प्रकार किती चपळाईने होतो हे न पाहिलेल्याला पटणार नाही. आधी दोन गिरक्या. मग जमिनीचा एक तुकडा असा हुंगायचा, की जणू सातबारा तपासतोय. मग पाठीची कमान, मागचे पाय थरथरतात, नजर शून्यात. आणि उठताना धड जागेवरच असतं, मान आधी वळते. त्या वळणाऱ्या मानेच्या आणि वस्तूच्या मध्ये मला माझा हात घालायचा असतो. हातात उलटी केलेली दुधाची पिशवी, खांद्याला ऑफिसची पर्स, आणि डोक्यात डोंबिवली स्टेशनला येऊ घातलेली फास्ट लोकल.

आज सकाळी मान जिंकली. पारिजातकाच्या आळ्यात सरपंचांनी कार्यक्रम उरकला, वळले आणि उचललं. मी पट्टा ओढला, गुडघ्यावर बसले, दोन बोटं जबड्यात घातली आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "सरपंच, खाऊ नका! सरपंच, थुंका! आधी थुंका म्हणते ना!"

बागेतल्या बाकावर पेपर खाली झाला.

हा बाक काकांचा आहे. म्हणजे सोसायटीचा आहे, पण सकाळी सहा ते साडेआठ काकांचा. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. कुठल्या खात्यातून ते विचारायची सोय नाही, कारण मग ते सांगतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि हाक दिली, "ओ सूनबाई."

मी त्यांची सून नाही. आमच्या सोसायटीत पन्नाशीच्या आतली, गळ्यात मंगळसूत्र असलेली कुठलीही बाई सूनबाईच.

"कोणाला म्हणताय?"

"कुत्र्याला, काका."

"सरपंच?"

"नाव आहे त्याचं."

काकांनी पेपराची घडी घातली. घडीवर घडी घातली. मग म्हणाले, "आमचे साडू सरपंच आहेत."

आता यावर माणसाने काय बोलावं? माझी बोटं अजून जबड्यात होती. "हो का? छान," एवढंच म्हणाले.

"थेट जनतेतून निवडून आलेत."

आणि मग मला सरपंचपदाचा इतिहास ऐकावा लागला. पूर्वी सदस्य सरपंच निवडायचे, मग २०१७ साली थेट निवडणूक आली, २०२० साली ती रद्द झाली आणि २०२२ साली परत आली. साडू त्यानंतरचे, म्हणजे अस्सल जनतेतले. ज्ञान मिळायला वेळकाळ नसतो हे खरं, पण ते मिळताना निदान हात धुतलेले असावेत अशी माझी माफक अपेक्षा आहे.

"मुद्दा काय," काका म्हणाले, "की भल्या सकाळी, भर सोसायटीत, 'सरपंच, खाऊ नका' असं ओरडायचं, याचा अर्थ लोक काय घेतील?"

"काका, तो शी खातोय."

"मला दिसतंय ते. पण वरच्या मजल्यावर ज्याला दिसत नाही, नुसतं ऐकू येतं, त्याने काय समजायचं?"

ज्याला नुसतं ऐकू येतं त्याला काही विशेष वाटणार नाही, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. सरपंचांनीही गिळलं.

काका आता रंगात आले होते. साडूंचं गाव कसं हागणदारीमुक्त, त्याची कथा सुरू झाली. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, गाव झाडून निघालं, पुढे गुड मॉर्निंग पथक आलं. ज्यांना हे पथक माहीत नाही त्यांच्यासाठी: पहाटे टॉर्च आणि शिट्ट्या घेऊन पंचायतीची, जिल्हा परिषदेची माणसं गावाबाहेर उभी राहायची आणि टमरेल घेऊन निघालेल्यांना गाठायची. कुठे दंड, कुठे समज, आणि कुठे चक्क गुलाबाचं फूल देऊन "गुड मॉर्निंग"! एका हातात टमरेल आणि दुसऱ्या हातात गुलाब घेऊन घरी परतणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. महाराष्ट्राने लाजेचा असा शासकीय उपयोग दुसऱ्या कशासाठी केला असेल असं वाटत नाही.

काका बोलत असताना माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा एक गुड मॉर्निंग पथकच आहे. एकटीचं, विनाअनुदानित. फरक एवढाच की त्या पथकाला पाहून माणसं टमरेल टाकून पळायची. माझे आरोपी पुरावाच खाऊन टाकतात.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पण काकांनी निदान केलं. "भूक," ते म्हणाले. "पोट भरलेलं जनावर असं करत नाही. तुम्ही दोघंही नोकरीला. त्याला घालतं कोण जेवायला?" आणि माझं उत्तर यायच्या आत वर मान करून, दुसऱ्या मजल्याकडे, पूर्ण सरकारी आवाजात: "अगं ए! कालच्या पोळ्या आहेत का? टाक खाली! हे कुत्रं उपाशी आहे!"

गॅलऱ्या उघडल्या. एरवी पाण्याचा टँकर आला तरी न उघडणाऱ्या. काकी आल्या, पेपरात गुंडाळलेल्या पोळ्या घेऊन, आणि काकींचा नेम काकांच्या निदानासारखाच. पुडकं माझ्या खांद्यावर आपटून सुटलं आणि एक पोळी पर्सवर लटकत राहिली. मी उभी: एका हातात ती पिशवी, दुसऱ्या हातात पट्टा, अंगावर शिळी पोळी, आणि वर निदान आठ-दहा जण मला, एका मुक्या जिवाला उपाशी मारणाऱ्या बाईला, बघत होते.

सरपंचांनी खाली पडलेली पोळी हुंगली आणि तिच्यावर पाय वर केला.

"शिळी आहे म्हणून," काका म्हणाले. "तूप लावून द्या."

उपाशी! हे कुत्रं दिवसातून तीनदा जेवतं. सकाळी विकतचे दाणे, दुपारी सासूबाईंच्या हातचा भात आणि चिकन, रात्री पुन्हा दाणे. मध्ये गाजर, मध्ये दही, मध्ये माझी एक चप्पल. त्याचं वजन डॉक्टरकडे दर वेळी होतं आणि दर वेळी डॉक्टर मला "जरा कमी घाला" म्हणतात.

डॉक्टरांनी शहानिशा आधीच केली आहे. जंत, पचन, स्वादुपिंड, सगळं पाहून झालं, कारण कधीकधी खोट तिथे असते. त्यासाठी ते म्हणाले, शीचा नमुना आणा. नमुना मिळवायचा तर आधी सरपंचांना हरवावं लागतं, हे त्यांना कोण सांगणार! मिळाला एकदाचा. सगळं ठीक निघालं. मग त्यांनी समजावलं की यात विकृत असं काही नाही. पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांना आपली आपण शी-शूसुद्धा करता येत नाही. पहिले दोन-तीन आठवडे कुत्री चाटते तेव्हा ती होते, आणि झालेलं ती स्वतःच खाऊन जागा साफ ठेवते. हे मी घरी सांगितल्यावर सासूबाईंनी "बघ, आई ती आई" असं म्हणून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

बाकी सल्ले म्हणाल तर अख्खं डोंबिवली पूर्व या विषयातलं तज्ज्ञ आहे. अननस घाला, म्हणजे शीला वाईट चव येते. (आत्ता चांगली असते काय?) घातला. सरपंचांना अननस अतिशय आवडला. आता ते दोन्ही खातात. लाल भोपळा घाला. घातला. तिखट टाका. कशावर, ते सांगणाऱ्या बाईंना एकदा समक्ष दाखवायची इच्छा आहे. मग दुकानदाराने एक डबा दिला, जेवणावर भुरभुरायची पावडर, कुत्र्याचा हसरा फोटो, किंमत अशी की तेवढ्यात आमच्या दोघांचं हॉटेलात जेवण झालं असतं. डबा संपला, सवय तशीच.

ती पावडर संपल्यावर मी वाचलं, की कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातले पशुवैद्यक बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली याच विषयावर पाहणी प्रसिद्ध केली आहे. जवळपास तीन हजार कुत्रेवाल्यांना विचारलं. १६ टक्के कुत्री पक्की शीखाऊ. त्यांतली बहुतेक ताजीच खातात, दोन दिवसांच्या आतली. तज्ज्ञांचा अंदाज असा की लांडग्यांच्या काळापासूनची ही घर साफ ठेवायची रीत आहे, कारण जंतांची अंडी बाधणारी व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. आणि बाजारात मिळणाऱ्या अकरा औषधांचा गुण? ० ते २ टक्के. दोन टक्के! एवढ्या टक्क्यांत तर कुत्री कंटाळून आपोआपही सुधारत असतील. तरी डबे छापले जातात, वर कुत्रा हसतो, आणि दुकानदार "शंभर टक्के फरक पडेल मॅडम" असं तोंड वर करून सांगतो. औषधाचा गुण न आल्यास पैसे परत, असं एकदा कायद्यात घाला म्हणावं, कोण हसतं बघू.

आणि हो काका, त्याच पाहणीत असंही आहे की खाण्यापिण्याच्या तऱ्हेशी याचा संबंध सापडला नाही. सापडला तो हावरटपणाशी. उपाशी कुत्री नव्हेत, खादाड कुत्री. हे मी प्रिंट काढून बाकाला चिकटवणार होते, पण सोसायटीत कुठेही काही चिकटवायला कमिटीची परवानगी लागते.

खरा उपाय डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता आणि तो फुकट असल्यामुळे त्याला कोणी किंमत देत नाही. ओरडायचं नाही, मारायचं तर नाहीच. ओरडलं की ते घाईघाईने गिळतं, नाहीतर लपून करायला शिकतं. पट्टा आखूड धरायचा, उठता क्षणी नाकापुढे चिकनचा तुकडा धरायचा, तोंड तिकडे वळवायचं आणि मागच्या मागे उचलून टाकायचं. रोज. जमतं. घरात, गच्चीवर तर छान जमतं. खाली जमत नाही, आणि त्याचं कारण सरपंच नाहीत.

कारण आहे डी विंगचा लॅब्राडोर. गुणी कुत्रा, त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्याचे मालक कानात इअरफोन घालून येतात, पारिजातकापाशी उभे राहतात, कुत्रा आपलं विशाल कार्य करतो, मालक आभाळाकडे बघतात, आणि दोघेही प्रसन्न मनाने निघून जातात. उचलायची पद्धत त्यांच्या घराण्यात नाही. आता सरपंचांनी स्वतःचं सोडलं तरी बागेत हा खजिना रोजचा, आणि दुसऱ्याच्या कुत्र्याच्या शीतून जंत लागतात. त्याचं औषध मी आणते, बिल मी भरते. त्यांना कोणी सूनबाई म्हणत नाही, त्यांच्या अंगावर पोळ्या पडत नाहीत. ते कमिटीवर आहेत. लिफ्टमध्ये "पाळीव प्राण्यांच्या मालकांनी स्वच्छता राखावी" ही नोटीस आहे ना, तिच्याखाली सही त्यांचीच आहे.

लोकल अर्थातच गेली. पुढच्या गाडीत दारापाशी लोंबकळत मी सोसायटीच्या ग्रुपवर सभ्य शब्दांत लिहिलं: बागेत कुत्र्यांच्या शीसाठी एक झाकणाचा डबा ठेवावा, आणि प्रत्येकाने आपापल्या कुत्र्याचं उचलावं. कुर्ला येईपर्यंत सात अंगठे आले. डी विंगने हात जोडले. बी विंगमधून एकीने कुत्रं उपाशी असल्याचं ऐकून वाईट वाटलं, संध्याकाळी वरण-भात पाठवते, असं कळवलं. आणि दादरला उतरताना सेक्रेटरींचं उत्तर आलं:

"डब्याचा विषय पुढील सर्वसाधारण सभेत घेण्यात येईल. दरम्यान, एका ज्येष्ठ सभासदाची लेखी तक्रार प्राप्त झाली असून, संबंधितांनी कुत्र्याचे नाव बदलावे, ही विनंती."