स्पिटफायरच्या आवाजाची तक्रार करणारे सगळे ‘उपरे’ नसतात

जुन्या विमानांचं वेड असलेल्या मंडळींमध्ये एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. सारांश असा: लंडनचे पैसेवाले इंग्लंडमधल्या खेड्यात टुमदार घर घेतात, शेजारी धावपट्टी आहे हे ठाऊक असूनही. मग दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या आवाजाची तक्रार करतात. ज्या विमानाने देश वाचवला त्याचा आवाज यांना सोसवत नाही. हजार फुटांवरून मिनिटभरात निघून जाणाऱ्या विमानाचा त्रास तो कसला? आणि यांच्याच कटकटीमुळे ऐतिहासिक धावपट्ट्या एकेक करून बंद पडताहेत. खाली टाळ्या, झेंडे आणि “शहरात परत जा म्हणावं” अशी शेरेबाजी.

स्पिटफायरचं मर्लिन इंजिन सुरू होताना आधी खोकतं, धुरांड्यांतून निळसर धूर ओकतं आणि मग बाराही सिलिंडर एकदम सुरात लागतात. त्या क्षणासाठी उन्हात ताटकळणाऱ्यांपैकीच मीही एक. तरी हा मजकूर मला पुढे ढकलवत नाही.

“धावपट्टी आधी, घर नंतर” हे पुष्कळदा खरं असतं. डक्सफर्डच्या धावपट्टीवर ब्रिटिश हवाई दलाच्या 19 स्क्वाड्रनकडे पहिलं स्पिटफायर ऑगस्ट 1938 मध्ये आलं. ओल्ड वॉर्डन गावचा जुन्या विमानांचा शटलवर्थ संग्रह तर 1928 पासूनचा. पण धावपट्टी जुनी म्हणजे वर्दळही जुनीच असं नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत ब्रिटनच्या विमान वाहतूक प्राधिकरणाने एक वाट मोकळी केली: धोका समजल्याची सही देणाऱ्या प्रवाशाला पैसे घेऊन अशा जुन्या लढाऊ विमानात बसवता येतं. दोन आसनांची स्पिटफायर त्यासाठी तयार झाली, तिकीट हजारो पौंडांचं, आणि हवा चांगली असली की तेच विमान दिवसभर एकामागून एक फेऱ्या करतं. आजोबांपासून तिथेच शेती करणाऱ्या माणसालाही हा आवाज नवाच आहे. त्याला उपरा कोण म्हणणार?

बरं, खरोखरच नंतर राहायला आलेल्याचं काय? सफोकमधल्या मोटार-शर्यतीच्या मैदानावरून झालेल्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगून टाकलं, की ‘तुम्ही नंतर आलात’ हा बचाव सहसा चालत नाही. मात्र नव्या वसाहतींपुरती बाजू उलटी आहे. 2018 पासून इंग्लंडच्या नियोजन धोरणात स्पष्ट आहे की जुन्या व्यवसायाशेजारी घरं बांधायची तर आवाजाचा बंदोबस्त बांधणाऱ्याने करायचा. मजकूर लिहिणाऱ्याने खरं तर हा मुद्दा घ्यायला हवा होता.

“देश वाचवणारं विमान” ही सगळ्यात भावनिक ओळ, आणि सगळ्यात निसटती. स्मृतिदिनाला गावावरून एकदा घिरटी घालणाऱ्या विमानासाठी तक्रार करणारेही अंगणात येऊन माना वर करतात. चिडचिड होते ती सुट्टीच्या दर दिवशी, त्याच कुरणावर, त्याच गिरक्यांची. पुण्यात नदीकाठी राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: विसर्जनाच्या मिरवणुकीतला ढोल त्याला हवाच असतो, त्रास होतो तो आधीचे महिना-दीड महिना रोज संध्याकाळी चालणाऱ्या सरावाचा.

शिवाय कानात घुसणारा आवाज दर वेळी स्पिटफायरचा नसतोच. तो बहुधा हार्वर्डचा असतो. हे अमेरिकी बनावटीचं प्रशिक्षण विमान; स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं आपल्या हवाई दलाचे वैमानिक त्यावर शिकले. त्याच्या इंजिनाला गिअर नाही, प्रोपेलर थेट इंजिनाच्याच वेगाने फिरतो. मिनिटाला 2,250 फेरे आणि नऊ फुटांचा व्यास, म्हणजे पात्याची टोकं सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास धावतात. ध्वनीचा वेग साधारण 340. टोकं ध्वनीच्या वेगाला अशी भिडायला आली की तो करवतीसारखा कर्कश आवाज निघतो. मर्लिनमध्ये गिअरमुळे प्रोपेलर इंजिनाच्या निम्म्याहून कमी वेगाने फिरतो. म्हणून स्पिटफायर घुमतं आणि हार्वर्ड किंचाळतं. (मला दोन्ही आवडतात, पण माझं घर त्या कुरणाशेजारी नाही.)

आता हजार फुटांचं. ब्रिटनमध्ये हजार फुटांची अट दाट वस्तीवर आहे. मोकळ्या रानात माणूस, वाहन किंवा इमारतीपासून 500 फुटांचं अंतर राखलं की झालं, आणि उतरताना-उडताना तेही लागू नाही. स्पिटफायरला सायलेन्सर नाही; धुरांडी आखूड आणि मागे वळवलेली, कारण बाहेर पडणाऱ्या वायूंचा थोडा रेटाही विमानाला हवा होता. “मिनिटभर” हेही फसवं. विमानतळांचा आवाज मोजताना सकाळी सात ते रात्री अकरा अशी सोळा तासांची सरासरी धरतात. दहा मिनिटं 75 डेसिबल आणि बाकी दिवस शांत, तर सरासरी जेमतेम 55 येते. कागदावर सगळं आलबेल. प्रत्यक्षात कुरणातला घोडा बुजून कुंपणाकडे धाव घेतो तो त्या दहा मिनिटांतच. हवाई कसरतींचा आवाज तर सतत चढतो-उतरतो, त्यामुळे कान त्याला सरावत नाहीत.

धावपट्ट्या तक्रारींनी बंद पडतात, हा मात्र साफ चुकीचा दावा. 1982 च्या नागरी विमान कायद्याच्या कलम 76 नुसार विमान वाजवी उंचीवरून नियमात उडत असेल, तर नुसत्या उडण्यावरून उपद्रवाचा दावा लावता येत नाही. 1990 च्या पर्यावरण कायद्यातही ध्वनी-उपद्रवातून विमानांना सूट आहे, म्हणजे स्थानिक कौन्सिलचा अधिकारीही हात वर करतो. लंडनजवळच्या डेनम धावपट्टीशेजारच्या एका घरमालकाने हेलिकॉप्टर प्रशिक्षणाविरुद्ध 2016 मध्ये मनाईहुकूम मिळवला, तोही पुढच्याच वर्षी अपिलात याच कलमाखाली उडाला.

मग धावपट्ट्या जातात कशाने? जमिनीच्या भावाने. 1949 मध्ये लंडनच्या उत्तरेकडच्या हॅटफील्डहून पहिलं जेट प्रवासी विमान कॉमेट उडालं, महायुद्धातलं मॉस्किटो विमानही तिथलंच. विमानांचा कारखाना हलला, नव्वदच्या दशकात विमानतळ बंद झाला, आज तिथे घरं, कचेऱ्या आणि विद्यापीठ आहे. जवळचंच पॅनशँगर विमानतळ 2014 मध्ये बंद झालं, तेही घरबांधणीसाठी. तक्रारखोराला शिव्या घालताना बिल्डर नामानिराळा राहतो.

जाणते वैमानिक हे ओळखून आहेत. कित्येक धावपट्ट्यांच्या नकाशांवर टाळायची गावं आखलेली असतात. कसरतींची जागा आलटून-पालटून बदलणं, रविवारी दुपारी तासभर थांबणं, शेळ्यामेंढ्या विण्याच्या दिवसांत शेतकऱ्याला आधी फोन करणं, यातल्या कशालाच कायद्याची गरज नाही. शेजाऱ्याचं वजन पडतं ते एकाच ठिकाणी: धावपट्टीला नवं हँगर किंवा वाढीव वेळ हवी असते तेव्हा. नियोजन समितीपुढे त्याचं पत्र वाचलं जातं आणि दिवसाला किती उड्डाणं याची अट तिथेच घातली जाते. ज्याला आपण वर्षभर उपरा म्हणून हिणवलं, ते पत्र लिहिणारा तोच असतो.